ठिपके कमी कर गो

आमच्या मॅडम कुणाकडे गेल्या आणि तिथं एखादं पोर कॉम्प्युटरवर गेम खेळत असलं, की समोर आलेल्या चहाला हात न लावता त्या आधी त्या पोराच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या. थोडा वेळ बघायच्या. मग मान तिरकी करून म्हणायच्या, "अडखळतंय रे हे."

"नाही आजी, मस्त चाललंय."

"मस्त दिसतंय. चालत नाहीये. ऊठ."

पोर उठायचं. उभं आयुष्य टायपिंग शिकवण्यात गेलेल्या बाईच्या आवाजात जी जरब असते, तिच्यापुढे कुणीही उठेल. मॅडम खुर्चीत बसायच्या, पाठ ताठ, मनगटं किंचित उचललेली, आणि थेट सेटिंगमध्ये शिरून रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, खाली ओढायच्या. चित्र जरा विरघळल्यासारखं व्हायचं; पण गाडी म्हणा, घोडा म्हणा, विमान म्हणा, जे काय असेल ते सुळकन पळायला लागायचं. पोर किंचाळायचं, "आयला, काय स्मूथ!" मग मॅडम वळून म्हणायच्या, "हां, आता आण चहा."

मी त्यांच्याकडे पेइंग गेस्ट होते. नाहूरला, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. मी हिंगोलीची. मुलुंडच्या एका कुरिअर कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची नोकरी लागली होती आणि मुंबईत माझं कुणी म्हणजे कुणीच नव्हतं. खोली बघायला गेले त्या दिवशी मॅडमनी दार उघडलं, "बस, माझी शेवटची फेरी चाललीय," म्हणाल्या आणि आत पळाल्या. हो, पळाल्याच. साठी ओलांडलेली, सुती साडीतली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली बाई. आतून गाडीच्या इंजिनाचा आवाज आणि मधूनच, "सर रे मेल्या बाजूक!"

परत आल्या त्या घाम पुसत. मला वाटलं, आता गाव विचारतील, पगार विचारतील, जेवणात काय चालतं ते विचारतील. त्यांनी विचारलं, "टायपिंग येतं?"

"येतं."

"बघून की न बघता?"

"बघून."

त्यांनी असा सुस्कारा सोडला, जसं काही मी तुरुंगातून सुटून आले होते. "खोली देते. पण न बघता शिकावं लागेल."

त्यांचे वडील मालवणकडचे, गिरणीत होते. मॅडमनी स्वतःच्या हिमतीवर मुलुंडला टायपिंगचा क्लास काढला. पुढे क्लासला कुणी येईना, मशिनं भंगारात गेली, मिस्टर गेले, मुलगा लग्न करून बोरीवलीला गेला. जाताना तो आपला कॉम्प्युटर इथेच ठेवून गेला आणि त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता. मॅडमना त्या गेममध्ये आपली बोटं पुन्हा सापडली. एवढं मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. मॅडम स्वतः मागचं फारसं काढत नसत. त्यांना पुढचं वळण दिसत असायचं.

रोज संध्याकाळी मी कामावरून यायचे ती दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकून चेपलेली. मॅडम ताटात भाकरी वाढायच्या आणि जेवण झालं की मला कीबोर्डसमोर बसवायच्या. माझ्या हातांवर रुमाल पसरायच्या, बोटं दिसू नयेत म्हणून. "डोळे समोर. बोटांना त्यांचं काम करू दे." आठवडाभर मी गाडी नुसती भिंतीवर आपटत होते. मग एके दिवशी वळण आलं आणि बोटं आपोआप वळली. मी जागच्या जागी उडालेच. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. इतकं खुश मला त्या शहरात कुणी केलं नव्हतं.

आणि त्यांचं ते सातशेवीस! त्यांच्या पडद्यावर नेहमी बरंच खालचं रिझोल्यूशन असायचं, सातशेवीस. गाडीच्या कडा कुरतडल्यासारख्या, झाडं म्हणजे हिरवे गोळे. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "अहो मॅडम, ही गाडी आहे की साबणाची वडी?"

"साबणाची वडी तर साबणाची वडी. सांगीन तिथे वळते की नाही?"

मला त्यांनी हे समजावलं ते रांगोळीवर. दिवाळीत जिन्यापाशी बसलो होतो. त्यांनी ठिपक्यांचा छोटा चौकोन काढला आणि शेजारी प्रत्येक बाजूला दुप्पट ठिपके घेऊन दुसरा. "आता मोज. बाजू दुप्पट झाली, ठिपके किती झाले?"

"चौपट."

"चौपट! आणि रांगोळी भरणारे हात तेवढेच. पडद्याचं असंच असतं गो. फुल एचडीवरून फोर-केवर गेलीस, की ग्राफिक्स कार्डाला चौपट ठिपके रंगवायचे असतात. एकदा नाही, दर सेकंदाला साठ वेळा नवी रांगोळी. पुरे पडलं नाही तर ते काय करतं? उशीर करतं. तू बटण दाबतेस आणि गाडी विचार करून वळते. डोळ्यांना नाही कळत एखादवेळी. बोटांना कळतं."

"मग लोक एवढे मोठे पडदे घेतात कशाला?"

"चांगलं कार्ड असेल तर घ्यावेत की. माझं त्याच्याशी भांडण नाही. कार्ड म्हातारं आणि पडदा तरणा, याच्याशी भांडण आहे."

त्यांना नुसता आपला मुद्दा खरा करायचा असायचा असंही नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मुलीचा शहर वसवायचा एक गेम होता. शहर मोठं झालं आणि गेम रखडायला लागला. मॅडमना बोलावणं आलं. त्यांनी रिझोल्यूशन कमी केलं, कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं पडतायत तो, बघितला. जागचा हलला नाही. आणखी कमी केलं, अगदी तळाला नेलं. शहर म्हणजे नुसती राखाडी खिचडी दिसायला लागली, पण आकडा आपला ढिम्म. सेक्रेटरी खाकरले. मला वाटलं, मॅडमची आज फजिती.

मॅडम खुर्चीतून टाणकन उठल्या. चेहरा नुसता फुललेला. "नाय हलला! बघ गो, आकडा नाय हलला!"

"मग यात आनंद कसला?" सेक्रेटरी म्हणाले.

"अहो, म्हणजे दुखणं ठिपक्यांचं नाहीच! रंगवणारं कार्ड मोकळं बसलंय. प्रोसेसर दमलाय. एवढी माणसं, एवढ्या गाड्या, कोण कुठे चाललंय, कोण कुणाला धडकलं, हे सगळं त्याला बघावं लागतं. त्याला तुमच्या ठिपक्यांचं काय?" त्यांनी रिझोल्यूशन पुन्हा होतं तिथे नेलं, गर्दीचं सेटिंग कमी केलं, आणि रस्त्यावरची निम्मी माणसं नाहीशी होताच शहर सुरळीत चालायला लागलं. घरी येताना जिन्यात त्या गुणगुणत होत्या. आपण चुकलो आणि का चुकलो ते कळलं, यात इतका आनंद होणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

माझ्या आईचा फोन आला की त्या माझ्या हातातून घ्यायच्या. मी घरी बोलताना काय म्हणते ते त्यांनी ऐकलं होतं, म्हणून सुरुवात तिथूनच. "जय भीम ताई. तब्येत बरीय ना? तुमची मुलगी गुणाची आहे, पण ब्रेक फार मारते." आईला आधी वाटायचं, मी मुंबईत खरीच गाडी चालवते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत होती आणि मॅडमनीही लपवली नव्हती: त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. आणि यावरून बोरीवलीच्या मुलाशी त्यांचं वाजायचं. तो मुलगा, मी त्याला दादा म्हणायचे, वाईट मुळीच नव्हता. विम्याच्या कामात होता, सदा घाईत, आणि आईची काळजी वाटली की ओरडायचा. "आई, तुझी सगळी थिअरी म्हणजे मोतीबिंदू आहे. तुला मुळात धूसर दिसतं, म्हणून तुला फरक कळत नाही. ऑपरेशन कर, आमच्याकडे राहायला ये, आणि हे गेमबिम पुरे आता."

मॅडम त्याला उडवून लावायच्या. पण तो गेला की कॉम्प्युटर बंद करून ठेवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "खरंच तसं असेल काय गो? मला दिसत नाही म्हणून मी हे सगळं रचलं असेल?" त्याआधी मी त्यांना कधी डगमगताना पाहिलं नव्हतं. 

ऑपरेशन ठरलं. आणि त्याच सुमाराला घाटकोपरच्या एका मॉलमध्ये शर्यतीच्या गेमची स्पर्धा लागली. दोघांची टीम, निम्मी शर्यत एकाने मारायची, घंटा झाली की खुर्ची बदलायची. मॅडमनी मला न विचारता दोघींचं नाव दिलं. "डॉक्टर नंतर खेळू देणार नाही. आत्ताच चल."

"मॅडम, तिथे सगळी कॉलेजची मुलं असतील. आपली वाट लागेल."

"लागू दे. चल तर खरी."

रविवारी आम्ही गेलो. मॅडमनी आपला कीबोर्ड उशीच्या अभ्र्यात घालून काखेत धरला होता. मॉलमध्ये काय लखलखाट! मोठमोठे फोर-के पडदे, माइकवर बोलणारा एक उत्साही मुलगा, आणि मागे भिंतीवर प्रचंड पडदा, ज्यावर कधी या खेळाडूचा, कधी त्या खेळाडूचा खेळ दाखवत होते. मॅडमनी सराव सुरू केला आणि पहिल्याच वळणावर मान तिरकी केली. "पडदा तरणा," एवढंच म्हणाल्या. मग संयोजकांना विचारलं, "सेटिंग बदललं तर चालतं?" चालतं म्हणाले, ज्याला हवं तसं.

मॅडम खाली, खाली, सातशेवीसला आल्या. आणि नेमका तेव्हाच त्यांचा खेळ मागच्या भिंतीवर झळकला. एवढ्या मोठ्या पडद्यावर ती साबणाची वडी! लोक हसले. माइकवाला म्हणाला, "आंटी, चष्मा लावायचा राहिला काय?" मला जमिनीने गिळावं असं झालं. मॅडम पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "चष्मा आहे रे. तू बघ फक्त."

आणि त्यांनी गाडी सोडली.

काय सांगू! बाकीच्यांच्या गाड्या दिसायला देखण्या होत्या, पण वळणावर अडखळत होत्या, जरा उशिरा वळून कठड्याला घासत होत्या. मॅडमची गाडी ओल्या साबणासारखीच सगळ्यांच्या मधून निसटत गेली. पहिली फेरी पार, दुसरी पार. माइकवाल्याचा सूर बदलला. "नाहूरच्या मॅडम!" असं ओरडायला लागला. आम्ही फायनलमध्ये होतो. 

फायनलच्या आधी एक सराव फेरी मिळाली. यात गाड्या भरपूर होत्या. खेळाडूंच्या होत्याच, शिवाय कॉम्प्युटर चालवतो त्याही. सगळ्यांची एकदम सुरुवात झाली आणि मॅडमचा आकडा धाडकन पडला. त्यांनी आणखी खालचं रिझोल्यूशन लावून बघितलं. आकडा हलला नाही.

मी म्हटलं, "मॅडम, आता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या, अगदी सेक्रेटरींच्या घरी हसल्या होत्या तशा. "गर्दीचं आहे हे. प्रोसेसर दमतोय. सगळ्यांचाच दमणार, मशिनं सारखीच आहेत."

गर्दी कमी करायचं सेटिंग फायनलमध्ये बंद होतं. खरी शर्यत सुरू झाली. हिरवा दिवा लागला, सगळ्या गाड्या सुटल्या आणि आमची गाडी जागेवर उभी!

"मॅडम, निघा!"

मागून हुर्यो झाली. माइकवाला ओरडला, "मॅडम, झोप लागली काय?" मी त्यांचा खांदा हलवला. "निघा ना हो!"

"गप. गर्दी जाऊ दे."

सगळा घोळका पुढच्या वळणावर एकदम पोचला. प्रत्येकाचा पडदा तिथे अडखळला असणार. कारण एक घसरली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि वळणावर गाड्यांचा नुसता कचरा झाला. मॅडम तोवर निघाल्या होत्या. समोर मोकळा रस्ता, प्रोसेसरला उसंत, आकडा पुन्हा साठाला. त्या ढिगाच्या कडेकडेने त्यांनी गाडी अशी काढली की मागे बसलेल्या लोकांनी पाय आपटायला सुरुवात केली. एक मागे टाकली, दोन मागे टाकल्या. माइकवाल्याचा आवाज बसला होता. आणि घंटा झाली.

खुर्ची बदलली. आम्ही तिसऱ्या होतो आणि आता मी होते.

बोटांकडे बघायची मला हिंमतच नव्हती. समोर दोन गाड्यांचे लाल दिवे. मॅडम कानाशी बोलत होत्या, हळू, क्लासमध्ये मजकूर सांगत असतील तशा. "डावं. सोड. उजवं. छान." एक गाडी मागे पडली. शेवटचं वळण आलं. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. माझं बोट सवयीने ब्रेककडे निघालं आणि मी ते उचललं. नाही मारला ब्रेक! गाडी बाजूच्या कठड्याला ठिणग्या उडवत गेली, पुढच्या गाडीच्या बरोबरीला आली, आणि रेषा पार झाली.

आम्ही दुसऱ्या आलो. बंपरभर फरकाने.

जिंकलेली मुलं एकमेकांना नुसत्या टाळ्या देत होती. मॅडम मात्र खुर्चीभोवती गिरक्या घेत होत्या. माइकवाल्याला मिठी मारली, मला मिठी मारली, कुणाच्या तरी कडेवरच्या बाळाचा पापा घेतला. "ब्रेक नाय मारल्यान! आईक सांग तुझ्या, ब्रेक नाय मारल्यान!"

गर्दीत दादा उभा होता. ऑपरेशनच्या तोंडावर आई इथे आलीय कळल्यावर तिला न्यायला धावत आला होता. शेवटची फेरी त्याने पाहिली होती, आणि मी त्याला टाळ्या वाजवतानाही पाहिलं. पण जवळ आल्यावर म्हणाला, "छान खेळलीस आई. पण आधी ऑपरेशन होऊ दे. नीट दिसायला लागलं की मग तूच सांग कुठलं बरं ते."

मॅडमची गिरकी थांबली. "सांगीन," त्या म्हणाल्या. "खरं असेल ते सांगीन."

ऑपरेशन झालं, मग दुसऱ्या डोळ्याचंही. औषधाचे थेंब, काळा चष्मा आणि खेळायला बंदी. त्या माझ्या शेजारी डोळे मिटून बसायच्या आणि नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून मी कुठे चुकले ते सांगायच्या. पण आतून त्या धास्तावलेल्या होत्या. मला कळत होतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच आठवड्यात, शनिवारी संध्याकाळी, दादा एक मोठं खोकं घेऊन आला. आत फोर-केचा पडदा. "तुझ्यासाठी आणलाय. बघ तरी." वाद जिंकायला आणला होता की प्रेमाने, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने पडदा जोडला, पूर्ण रिझोल्यूशन लावलं. मॅडम खुर्चीत बसल्या. मी खुर्चीमागे उभी.

मॅडमनी गाडी सुरू केली आणि दहा पावलांवर थांबवली. शर्यत पुढे निघून गेली. त्या नुसत्या बघत होत्या.

"अगो बाय... पानांक शिरा आसत!"

मग गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेने चालवत राहिल्या. पाटीवरची अक्षरं वाचली. एका वळणाशी पुन्हा थांबल्या. "हय घर आसा! कपडे वाळत घातलेत बघ. इतकी वर्षं ह्याच वळणावरून मी गेलंय, माका म्हायतच नव्हता!" त्यांचे डोळे भरून आले होते. डोळ्यांना ताण पडेल म्हणायची माझी छाती झाली नाही.

"मग?" दादा हळूच म्हणाला. "आता पटलं?"

उत्तर द्यायला मॅडम वळल्या, आणि तशाच थांबल्या. त्याच्याकडे बघत राहिल्या. दिव्याच्या उजेडात, नव्या डोळ्यांनी, अगदी जवळून.

"तुझ्या दाढीत एवढे पांढरे?"

"कधीचेच आहेत, आई."

"आणि हे डोळ्यांखाली काय? झोपत नाहीस?"

"कामं असतात गं."

त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला. तो मोठा माणूस मान खाली घालून उभा राहिला. मला वाटलं, आता मॅडम बोरीवलीला जाणार. हा पडदाही जाणार. त्या क्षणी मुलाने काहीही मागितलं असतं तरी त्यांनी दिलं असतं.

"खुर्ची ओढ," मॅडम म्हणाल्या. "बस इथे."

"मी? मला नाही येत हे."

"तुझाच गेम आहे मेल्या. बस."

त्यांनी पडदा दोघांत वाटायचं सेटिंग लावलं: वरच्या अर्ध्यात एकाची गाडी, खालच्या अर्ध्यात दुसऱ्याची. गेम लगेच रडतखडत चालायला लागला. मॅडम मान तिरकी करून एक क्षण थांबल्या. मग रिझोल्यूशन खाली ओढलं, खाली, आणखी खाली. पानांच्या शिरा गेल्या, पाटी गेली, वाळत घातलेले कपडे गेले.

"अगं आई, आत्ता तर दिसायला लागलं होतं तुला!"

"दिसलं ना. फार सुंदर आहे, खोटं नाही बोलणार. फिरायला जायचं असेल तेव्हा तेच लावीन." त्यांनी कीबोर्डची बाणांची बाजू त्याच्याकडे सरकवली. "पण आता एका कार्डाला दोन गाड्यांची चित्रं काढायचीयत. दोघांनी खेळायचं तर ठिपके कमीच करावे लागतात. हात ठेव. बघू नकोस खाली."

दिवा हिरवा झाला. पहिल्याच वळणावर दादा भिंतीवर गेला. दुसऱ्या वळणावर शेतात गेला. "अगं थांब, थांब जरा!" तो ओरडत होता, आणि मॅडम आनंदाने चीत्कारत त्याला फेरीमागून फेरी मागे टाकत होत्या. मी खुर्चीची पाठ धरून दोघांनाही एकदमच सांगत होते, "डावं! सोडा! उजवं!" शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, काय झालं म्हणून.

शर्यत संपली. दादाचा चष्मा नाकावर घसरला होता, शर्ट पाठीला चिकटला होता, बोरीवलीला जायची वेळ कधीच टळून गेली होती. त्याने पडद्यावरची नजर काढली नाही. बोटं बाणांवर तशीच होती.

"आई," तो म्हणाला, "परत लाव."